मातीतलं सेलबोर्न : यंदाच्या किल्ल्याच्या नोंदी

रविवार, ८ सप्टेंबर २०२४

दीड दिवसाच्या गणपतीचं दुपारी विसर्जन झालं. मखर उतरवत होतो तेवढ्यात धाकट्यानं विचारलं, "बाबा, यंदा कुठला किल्ला?" गेल्या वर्षी प्रतापगड केला होता, त्याआधी सिंधुदुर्ग. लेक म्हणाली, या वेळी आपण स्वतः चढलोय असा डोंगर करू. ती इथंच, इंग्लंडमध्ये जन्मली. प्रतापगड तिनं फोटोतच पाहिलाय. पायानं चढलेला डोंगर तिच्या लेखी एकच, सेलबोर्नचा.

हॅम्पशरमधल्या ऑल्टनला आम्ही राहतो, तिथून सेलबोर्न सहा-सात किलोमीटरवर. एका रस्त्याचं गाव. दोन्ही अंगांना दगडी घरं, काहींवर अजून गवताची छपरं. पाठीशी उभा डोंगर आणि त्याच्या उतारावर बीच नावाच्या झाडांचं गर्द रान. गावात सेंट मेरीचं चर्च, बाराव्या शतकाच्या अखेरचं. वसईकडे ज्याला धर्मग्राम म्हणतात, तशा धर्मग्रामाचं हे चर्च. जन्म, लग्न, मरण या सगळ्याची नोंद तिथंच. डोंगर आहे, वर जाणारी नागमोडी वाट आहे, पायथ्याला वस्ती आहे. किल्ल्याला आणखी काय लागतं?

आईला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, "महाराजांशिवाय किल्ला कसला रे?"

यावर उत्तर सुचलेलं नाही. लिहून ठेवतो, विसरायला नको.

शनिवार, १४ सप्टेंबर

पाहणी. वही, मोजपट्टी, डबे आणि दोन्ही मुलं घेऊन सकाळीच गेलो.

चर्चच्या आधी प्लेस्टर लागतं. छोटं मोकळं आवार, गावचं जुनं खेळायचं-जमायचं ठिकाण. इथंच थांबून मुलांना गिल्बर्ट व्हाइटची गोष्ट सांगितली. १७२० साली याच गावात जन्मला, आजोबांच्या घरी. आजोबा इथले धर्मगुरू, त्यांचंही नाव गिल्बर्ट व्हाइटच. नातू पुढे या चर्चमध्ये सहायक धर्मगुरू झाला, समोरच्या 'द वेक्स' नावाच्या घरात राहिला आणि १७९३ साली तिथंच वारला. गावातले पक्षी, किडे, माती, पाऊस, झाडं हे सगळं तो वर्षानुवर्षं लिहीत गेला आणि १७८९ साली त्याचं पुस्तक झालं.

त्या पुस्तकात प्लेस्टरवरच्या एका ओकबद्दल लिहिलंय. प्रचंड झाड. भोवती दगडी पायऱ्या आणि वर बसायच्या जागा. उन्हाळ्यात संध्याकाळी म्हातारी माणसं तिथं बसून गंभीरपणे बोलत आणि तरणी पोरं समोर नाचत-बागडत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक तसंच हातात धरून मी बायकोला हाक मारली. अगं, हा पार आहे! आमच्या गावच्या मारुतीसमोरचा वड आणि त्याखालचा पार. तिथं आजोबांचं सगळं आयुष्य गेलं. दर संध्याकाळी तेच चार जण, त्याच जागा.

१७०३ सालच्या मोठ्या वादळात तो ओक उन्मळून पडला. गाव हळहळलं. तेव्हाच्या धर्मगुरूनं पदरचे पैसे खर्चून झाड पुन्हा जागेवर उभं केलं. त्याला काही काळ पालवी फुटली आणि मग ते वाळून गेलं.

तिथून आम्ही चर्चच्या आवारात गेलो. तिथं यू नावाच्या सदाहरित झाडाचं खोड आहे. झाड म्हणायचं नाही, खोडच. पोकळ, पिळवटलेलं, उभ्या चिरा पडलेलं. हा यू व्हाइटच्या काळीही म्हातारा होता. त्यानं बुंध्याचा घेर तेवीस फूट लिहिलाय. विल्यम कॉबेट हा इंग्रज लेखक १८२३ साली आला, त्याला तो तेवीस फूट आठ इंच भरला. २५ जानेवारी १९९० च्या वादळात तो आडवा झाला. मुळाखालून जुन्या दफनांची हाडं निघाली. माणसांना मूठमाती दिलेल्या जमिनीतच तो शेकडो वर्षं वाढत होता. गावानं हार मानली नाही. वरचा विस्तार कापून बुंधा पुन्हा खड्ड्यात उभा केला, माती भरली, पाणी घातलं. तो जगला नाही. त्याच्या फांदीपासून केलेलं रोप मात्र आवारात लावलंय.

लेकीनं खोडाला हात लावला आणि विचारलं, "दोन्ही वेळा उभं केलं आणि दोन्ही वेळा गेलं?" हो. दोन वादळांत पावणेतीनशेहून जास्त वर्षांचं अंतर, आणि माणसांनी दोन्ही वेळा तेच केलं.

मोजमापं राहूनच गेली. चर्चच्या दारात लेकीला उभं करून फोटो काढला. तिची उंची ठाऊक आहे, तीवरून बाकीचं काढता येईल.

रविवार, २२ सप्टेंबर

प्रमाण ठरवायला अख्खी संध्याकाळ गेली.

चर्च आणि यू शंभरास एक. म्हणजे एक मीटरचा एक सेंटिमीटर. तेवीस फूट म्हणजे सात मीटर, तेव्हा यूचा घेर सात सेंटिमीटर. कॉबेटचे वरचे आठ इंच धरले तर आणखी दोन मिलिमीटर. लेकीला हे दोन मिलिमीटर फार आवडले. ती म्हणते, कॉबेटचंच माप घ्यायचं.

डोंगराचं मात्र जमेना. व्हाइटच्या लिखाणात तो गावापासून तीनशे फूट उंच आहे. याच प्रमाणात तो एक्क्याण्णव सेंटिमीटर होतो. एवढा ओल्या मातीचा डोंगर या हवेत उभा राहणार नाही, आणि पायथ्यापासूनचं अंतर खरं धरलं तर शेजारच्यांच्या अंगणात जावं लागेल. म्हणून डोंगर निम्म्या प्रमाणात, पंचेचाळीस सेंटिमीटर. किल्ल्यात हे नेहमीचंच आहे. लहानपणी आमच्या किल्ल्यावरचा मावळा महादरवाजाएवढा असायचा आणि कुणाला कधी खटकलं नाही. पण चर्च आणि झाड यांच्या मापात तडजोड नाही.

शनिवार, ५ ऑक्टोबर

पाया घातला. परसातला कोपरा साफ केला, विटा आणि फुटक्या कुंड्या रचल्या, वर गोणपाट आणि त्यावर चिखलाचे थर. इथली माती चिकट आहे, आपल्या पोयट्यासारखी भुसभुशीत नाही. थर जाड झाला की सुकताना तडकतो. बारीक चिरलेलं वाळकं गवत मिसळलं तेव्हा कुठं ती धरून राहिली.

खणताना गांडुळं निघाली. धाकट्यानं एकेक उचलून भाजीच्या वाफ्यात नेऊन सोडलं. त्याला सांगितलं की व्हाइटनं १७७७ सालच्या एका पत्रात गांडुळांची बाजू घेतलीय. गांडूळ निसर्गातली क्षुद्र कडी वाटते, पण ती निखळली तर मोठं खिंडार पडेल. ती माती भुसभुशीत करतात, पाणी मुरू देतात, पानं आत ओढून नेतात. त्या काळी बागवाल्यांना आणि शेतकऱ्यांना गांडुळं शत्रू वाटत, तेव्हाचं हे लिखाण आहे. धाकट्यानं मग वाफ्यावर वाळकी पानंही पसरली. त्यांच्या जेवणासाठी.

नागमोडी वाट लेकीनं चमच्याच्या दांड्यानं कोरली. खरी वाट १७५३ साली गिल्बर्ट आणि त्याचा भाऊ जॉन यांनी काढली. उतार इतका खडा आहे की सरळ चढणं कठीण. आपल्या घाटवाटांसारखीच वळणं घेत ती वर जाते. खाली चुनखडी असल्यामुळे पावसात पांढरा राड होतो आणि बूट घसरतात. म्हणून आमच्या वाटेवर पांढरी रांगोळी.

शनिवार, १२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी पूजा, दुपारपासून चर्च. आत पुठ्ठ्याचा सांगाडा, बाहेर मातीचा पातळ लेप. मनोरा चौकोनी, बसका, वरच्या कडेला दाते. शिखर नाही. धाकटा म्हणाला, हा तर बुरूजच आहे. आतले गोल जाड खांब साधारण ११८० च्या सुमाराचे. ते अर्ध्या जळलेल्या मेणबत्त्यांचे केले. छप्पर उचललं की दिसतील.

आज सगळ्यात जास्त वेळ भिंतींना लागला. सेलबोर्नच्या दगडी भिंतींच्या सांध्यांमध्ये काळपट ठिपके दिसतात. जवळ जाऊन पाहिलं तर ते लोहदगडाचे कपचे असतात, मोठ्या खिळ्याच्या डोक्याएवढे. ओल्या चुन्यात एकेक खोचत जायचं, ही तिथल्या गवंड्यांची जुनी रीत. व्हाइटनं लिहिलंय की परके लोक गमतीनं विचारत, तुमच्याकडे भिंती खिळ्यांनी ठोकतात का? चर्चच्या आवाराची नाही तर रस्त्यालगतची कुठलीही भिंत घ्या, नाक लावून पाहा. प्रत्येक कपचा कुणीतरी अंगठ्यानं दाबलेला आहे.

आम्ही मोहरी वापरली. काडीनं सांधे आखायचे, मोहरीचा दाणा ठेवायचा, अंगठ्यानं दाबायचा. शंभरास एक या प्रमाणात मोहरी फार मोठी होते, मला कळतंय. पण त्याहून बारीक काही मुलांच्या बोटांत धरवेना. तीन तासांत दक्षिणेकडची एक भिंत आणि दोन घरं झाली. बोटांना मातीचा आणि मोहरीचा वास येतोय.

बुधवार, १६ ऑक्टोबर

भिंती उगवल्या.

सकाळी बघतो तर चर्चच्या प्रत्येक सांध्यातून पांढरे मोड बाहेर. ओली माती, त्यात सोमवार-मंगळवार ऊबदार गेले. मुळांनी लेप जागोजागी उचकटलाय. सगळी भिंत खरवडावी लागली. मुलांची तीन तासांची मेहनत गेली याचं मला फार वाईट वाटलं. हे आधी लक्षात यायला हवं होतं.

आईला सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "भाजून घे ना आधी." संध्याकाळी कोरड्या तव्यावर मोहरी भाजली, तडतडली तशी खाली काढली. भाजलेली मोहरी उगवत नाही आणि रंगही आणखी काळा होतो. भिंत पुन्हा केली, यावेळी दोन तासांत. लेकीचा हात आता बसलाय.

रविवार, २० ऑक्टोबर

अळीव पेरले. इथं सँडविचमध्ये घालायला जे क्रेस विकतात ते आपलेच अळीव, त्यामुळे बियांची चिंता नाही. दिवाळीपर्यंत हिरवं होईल. डोंगरावर बीचच्या रानासाठी कुंपणाच्या वाळक्या काटक्या खोवल्या. बीच हे व्हाइटच्या मते रानातलं सगळ्यात देखणं झाड. सध्या खरं रान तांबूस-सोनेरी झालंय. काटक्यांच्या टोकांना हळद-कुंकवाचं पाणी लावून बघितलं, दुरून बरं दिसतं.

यू झाला. काडीभोवती सुतळी पिळून गुंडाळली, वर माती. खऱ्या खोडाचा पीळ सुतळीनं आपोआप आला. लेकीनं दोरा गुंडाळून घेर मोजला : सात सेंटिमीटर दोन मिलिमीटर. फांद्यांना सुरूसारख्या झुडपाचे शेंडे. खऱ्या यूचे घेतले नाहीत, त्याची पानं आणि बिया विषारी असतात. बुंध्याभोवती बाकही केलं, जुन्या फोटोत दिसतं तसं.

मनोऱ्याला धाकट्यानं आगकाडीनं चार भोकं पाडली, पाकोळ्यांसाठी. व्हाइटच्या मोजणीत गावात पाकोळ्यांच्या आठ जोड्या असत. निम्म्या चर्चमध्ये, बाकीच्या अगदी बुटक्या गवती झोपड्यांत. म्हणून झोपड्यांनाही चार भोकं. पाकोळ्या कधीच आफ्रिकेला गेल्या, पण भोकं हवीतच, असं त्याचं म्हणणं आहे.

गुरुवार, २४ ऑक्टोबर

खिडक्या. आकाशकंदिलाचा उरलेला जिलेटिन कागद कामी आला. चर्चमध्ये १९२० साली व्हाइटच्या स्मरणार्थ बसवलेली रंगीत काच आहे. संत फ्रान्सिस पक्ष्यांना उपदेश करतोय आणि त्याच्याभोवती व्हाइटनं आपल्या लिखाणात टिपलेले पक्षी. एवढ्या लहान खिडकीत पक्षी कसे काढणार? लेकीनं सुईनं टोचे मारले. आत दिवा लावला की प्रत्येक टोचा पक्ष्यासारखा चमकतो. मला तरी दिसले.

तिनं विचारलं, गावात सगळं असं छानच होतं का? नव्हतं. नोव्हेंबर १८३० मध्ये इथल्या शेतमजुरांनी उठाव केला. मजुरी पोटाला पुरत नव्हती आणि चर्चला द्यायच्या दशांशाचा बोजा शेतकऱ्यावरून शेवटी मजुरावरच येत होता. जमावानं धर्मगुरूकडे दशांश कमी करायची मागणी केली आणि गरिबांना डांबायचं वर्कहाउस फोडलं. त्यानंतर धरपकड झाली, माणसांना जहाजानं ऑस्ट्रेलियाला धाडलं. जमावापुढे शिंग फुंकणारा जॉन न्यूलँड याच चर्चच्या आवारात पुरलेला आहे. फोटोतल्या गवती छपराखाली उपाशी माणसंही राहिली आहेत, हे मुलांना कळायला हवं. वर्कहाउसचं घर आम्ही केलं. त्यावर छप्पर घातलेलं नाही.

व्हाइटची कबर चर्चच्या उत्तरेला. साधा छोटा दगड, त्यावर नावाची दोन आद्याक्षरं आणि तारीख, २६ जून १७९३. आम्ही नदीकाठचा एक चपटा गोटा ठेवला, त्यावर काही लिहिलं नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

रात्री कोल्हा येऊन गेला. पावलं स्पष्ट उमटली आहेत, प्लेस्टरवरून सरळ चर्चच्या आवारात. यू मुळासकट आडवा, बाक मोडलेलं.

धाकटा रडला. मग डोळे पुसून म्हणाला, "परत लावू." लेकीनं माझ्याकडे पाहिलं. ती काय विचार करतेय ते मला कळलं, पण आम्ही दोघंही काही बोललो नाही. खड्डा खोल केला, नवा चिखल भरला, चार आगकाड्यांचे टेकू दिले. दुपारपर्यंत झाड उभं होतं. तीनच्या सुमाराला चिखल बसला आणि ते हळूहळू कलत चर्चच्या छपराला टेकलं. धाकटा समोर उकिडवा बसून सगळा वेळ ते बघत होता.

शेजारच्या आजी कुंपणापाशी आल्या होत्या, त्यांना सगळं दाखवलं. १९९० मध्ये तो यू पडला तेव्हा त्या दुसऱ्या आठवड्यात बघायला गेल्या होत्या. त्यांना झाडापेक्षा चर्चची भिंत आठवते. एवढी भिंत आहे हे तोवर कधी दिसलंच नव्हतं, आणि आवारात नको तितका उजेड झाला होता. कितीतरी वेळ त्या बोलत होत्या. शेवटी घरात गेल्या आणि रोझमेरीची वीतभर फांदी घेऊन आल्या. खालची पानं खुडून धाकट्याच्या हातात दिली आणि कशी खोचायची ते दाखवलं.

मग मी करवतीच्या पात्यानं सुतळीचा बुंधा दोन सेंटिमीटरवर कापला. आता तिथं खोड आहे, आणि त्याच्या शेजारी रोझमेरी. मापात ती कशीच बसत नाही. राहू दे.

सोमवार, २८ ऑक्टोबर, वसुबारस

शाळेला सुट्टी लागली. अळीव बोटभर आलेत.

आईच्या प्रश्नाचं उत्तर सापडलं. महाराजांना सेलबोर्नच्या डोंगरावर बसवणं माझ्या मनाला पटेना. तो गड नाही आणि ते त्यांचं स्थान नाही. उरलेल्या मातीतून शेजारीच एक वेगळा छोटा रायगड केला. त्यावर सिंहासन, महाराज पूर्वाभिमुख, दरवाजात दोन मावळे. आईला व्हिडिओवर दाखवला. तिनं हात जोडले, मग म्हणाली, "आता त्या गावातल्या बाईला दाखव, ती डोक्यावर काय घेऊन चाललीय?" दळण. कुंभारवाड्यातली ती बाई दर वर्षी किल्ल्यावर असते, यंदा ती प्लेस्टरवरून चालली आहे.

शुक्रवार, १ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

पूजेनंतर बाहेर पणत्या लावल्या. चर्चमध्ये बॅटरीचा छोटा दिवा. पुठ्ठा आणि पणती एकत्र नको. खिडकीतले टोचे उजळले तशी शेजारच्या आजींनी टाळ्या वाजवल्या. करंज्या आणि चिवडा देऊन आलो.

व्हाइटकडे टिमथी नावाचं कासव होतं. आधी ते ससेक्समध्ये त्याच्या आत्याकडे होतं, १७८० साली सेलबोर्नला आलं. ती मादी होती हे मेल्यावर कळलं. आत्याकडे असताना व्हाइटनं तिला हिवाळ्यासाठी बीळ खणताना पाहिलं. तिचे पाय घड्याळाच्या तासकाट्याएवढ्या सावकाश हलत होते, आणि बारा दिवस उलटले तरी ते काम संपलं नव्हतं. खणायला सुरुवात झाल्याची तारीख त्यानं लिहून ठेवलीय : १ नोव्हेंबर, साल १७७१. म्हणजे आजचाच दिवस! हे सकाळी वहीत सापडलं तेव्हापासून धाकटा तयारीत होता. दिवे लागल्यावर त्यानं मातीचं कासव 'द वेक्स'च्या बागेत ठेवलं आणि एका बोटानं अगदी हळू, अर्धं मातीत दाबलं. उरलेलं उद्या, म्हणाला.

रविवार, १७ नोव्हेंबर

पंधरा दिवसांच्या पावसानं डोंगर बसला. वाट पुसली, काटक्या उघड्या पडल्या. मनोऱ्याचे दाते गेले, पण मोहरीची भिंत अजून तशीच आहे. चर्च उचलून शेडमध्ये ठेवलं. पुढच्या वर्षी आत वेदीमागचं तीन फळ्यांचं फ्लेमिश चित्र करायचंय आणि घंटा. व्हाइटच्या लिखाणात नव्या घंटा गावात आल्याच्या दिवसाचं वर्णन आहे. एक घंटा जमिनीत उलटी पुरून तिच्यात दारू भरली होती आणि आल्यागेल्या सगळ्यांना वाटली होती. तशी उलटी घंटा प्लेस्टरवर हवी.

महाराज आणि मावळे पुसून कापसात गुंडाळून डब्यात ठेवले.

माती वाफ्यात परत टाकायला घेतली. गोणपाट उचललं तर डोंगराच्या पोटात, विटांच्या फटीत, गांडुळं. धाकट्यानं मोजली, चौदा. ती कुठून आली, कधी शिरली? त्यानं फावडं माझ्या हातातून काढून घेतलं आणि तेवढा भाग हातानं उपसला. रोझमेरीपाशी आल्यावर त्यानं फांदीला दोन बोटांनी हलकेच ओढून पाहिलं, आणि तिच्याभोवतीची माती तशीच ठेवून पुढे सरकला.